उपासाच्या दिवशीचा पंप

बनाबाईच्या महिन्यातले निम्मे दिवस उपासाचे असत. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय दोन एकादशा, एक संकष्टी, आणि श्रावण लागला की मोजणंच सोडून द्यायचं. वेल्ह्याच्या पलीकडच्या त्यांच्या वाडीत आज वार कोणता हे बघायला लोक कॅलेंडरापेक्षा बनाबाईच्या चुलीवर जास्त भरवसा ठेवत. भगर शिजताना दिसली की सोमवार, गुरुवार, शनिवार यांतला नेमका कोणता एवढंच ठरवायचं राही. उपासांनी बाई सुकून गेली असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत आणि मतांची पक्की होती. तिच्या घरची उपासाची शेंगदाण्याची आमटी अशी होई की उपास नसलेलेही ताट घेऊन बसत.

तिचं दुखणं एकच, दमा. दहाव्या वर्षी लागला तो तिच्याबरोबर मोठा झाला आणि तिच्याबरोबरच सासरी आला. दम लागला की वेल्ह्याला जाऊन इंजेक्शन घ्यायचं, उतरला की भात लावायला चिखलात उभं राहायचं, अशी चाळीसेक वर्षं निघाली. त्यातली वीस वर्षं ती गावच्या भात गिरणीत कामाला होती. तिथला कोंडा अंगावर इतका बसायचा की घरी आल्यावर म्हैस तिला ओळखत नसे. असं ती स्वतःच हसत सांगायची.

हसू यायचं नाही ते एकाच गोष्टीचं. तिची थोरली बहीण साळूबाई वर पठारावरच्या वाडीत राहायची. बनाबाईच्या अंगणात उभं राहिलं तर पठाराची कड दिसे, पण तिथवर जायला दीड तासाची चढण आणि शेवटी लोखंडी शिडी होती. साळूबाईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिला उतरता येत नव्हतं. बनाबाईला दम, त्यामुळे तिला चढता येत नव्हतं. पाच वर्षं झाली, दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. साळूबाई भाच्याच्या, म्हणजे सोमनाथच्या, लग्नालाही आली नाही. रोज संध्याकाळी मोबाईलवर बोलणं व्हायचं, म्हणजे बनाबाई बोलायची आणि साळूबाई दोन-दोन शब्दांत उत्तर द्यायची. आई लवकर गेल्यावर आक्कानंच बनाबाईला वाढवलेलं. आता मरायच्या आत आक्काच्या मांडीवर एकदा डोकं ठेवायचं, एवढं एकच बनाबाईचं मागणं होतं. जे काही उपास-तापास होते ते त्यासाठीच होते.

त्या वर्षी नवरात्रात नवव्या दिवशी बनाबाईला असा दम लागला की सून सुलक्षणेनं शेजारची जीप बोलावून तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी बाई घरी आली खरी, पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आता फुंकायची तपासणी करून घ्या. ते मशीन भोरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं होतं. मग दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सासू-सुना जीपनं नसरापूरला आणि तिथून एसटीनं भोरला आल्या. मंगळवार निवडला कारण त्या दिवशी उपास नव्हता आणि स्टँडसमोर मिसळ खाता येत होती.

डॉक्टरीण सौदामिनी पस्तिशीची, चष्मेवाली आणि कमालीची शांत होती. तिनं बनाबाईच्या नाकाला चिमटा लावला आणि हातात नळी दिली. बनाबाईनं नळीकडं बघितलं आणि म्हणाली की ही तर फुंकणी. जन्मभर चूल फुंकलेली बाई ती. राख उडू नये, निखारा मात्र फुलावा, अशा बेतानं तिनं नळीत हळूच, लांब, जपून फुंकर घातली. मशीननं ती नापास केली. दुसरी नापास, तिसरीही नापास. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, चूल विझली तरी चालेल. सगळी राख घरभर उडू द्या." मग मात्र बनाबाईनं अशी फुंकर मारली की सुलक्षणा दचकली आणि बाई स्वतः पाच मिनिटं खोकत बसली. तोंडात फवारायच्या पंपाचं औषध देऊन वीस मिनिटं थांबवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं.

मधल्या वेळात डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारून घेतलं. दमा कधीपासून? घरात चूल आहे का? गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच बरी लागते असं धनाजीरावांचं, म्हणजे बनाबाईच्या नवऱ्याचं, मत होतं. बिडी कोण ओढतं? तेही धनाजीरावच. धुळीत काम केलंय का? मग गिरणी निघाली. रोजचा पंप कधीपासून चालू आहे? बनाबाईनं सांगितलं, दोन वर्षं. त्याआधीची शेहेचाळीस वर्षं रोजचं असं काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या आणि लिहिताना त्यांचा चेहरा जरा उतरत होता, हे सुलक्षणेनं टिपलं.

"रोजचा पंप रोज घेता ना?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरीणबाईंनी पंप मागून घेतला आणि उलटा केला. पंपाच्या पाठीवर एक इवलीशी खिडकी असते आणि किती फवारे उरले तो आकडा तिच्यात दिसतो. दोन वर्षं तो पंप कमरेच्या पिशवीत बाळगून बनाबाईला हे ठाऊक नव्हतं. महिन्याभरात संपायला हवा होता तो पंप. श्रावणाच्या शेवटी आणलेला, दसरा झाला तरी निम्मा शिल्लक होता. सुलक्षणेचा चेहरा पडला, कारण रोज आठवण करायचं काम तिचं होतं आणि रोज "घेतला" असं उत्तर तिला मिळत होतं. बनाबाईचा चेहरा मात्र जराही हलला नाही.

"रोजच घेते," ती म्हणाली. "उपासाच्या दिशी तेवढा न्हाई."

मग डॉक्टरीणबाईंनी उपास कोणकोणते ते विचारलं आणि यादी ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून बघितलं की हे औषध पोटात जात नाही, छातीत जातं. बनाबाईचं म्हणणं, जातं तोंडातूनच ना. साबुदाणा चालतो, चहा चालतो, मग औषध का चालू नये, असंही त्यांनी विचारलं. बनाबाईनं अडाण्याला समजवावं तसं समजावलं की साबुदाणा उपासाचाच आहे, चहा सगळेच घेतात, पण पंप उपासाचा आहे असं आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"बरं, एवढे उपास धरलेत कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"दम जावा म्हनून."

सुलक्षणेनं पदर तोंडाला लावला, पण हसू आवरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि त्याही हसल्या. दोघी का हसतात हे बनाबाईच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तिला एकदम सगळं दिसलं आणि तीही हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईतो हसली आणि हसण्यानंच तिला पुन्हा खोकला आला.

तेवढ्यात दुसरा कागद मशीनमधून आला. त्यावर एक ठिपक्यांची रेघ होती, बनाबाईच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईची फुंकर जिथवर जायला हवी ती. बनाबाईची स्वतःची रेघ निम्म्यातच खाली वळली होती. औषधानंतरची थोडी वर होती, थोडीच. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "सुजलेल्या नळ्या औषधानं उघडतात," त्या म्हणाल्या. "पण धूर, धूळ आणि बिनऔषधाची इतकी वर्षं, यांनी नळ्या जाड होऊन बसतात. त्या मग उघडत नाहीत. तुमच्या किती सुजलेल्या आणि किती जाड, हे आज नाही सांगता येत. तीन महिने एकही दिवस न चुकता औषध घ्या आणि परत फुंका. तेव्हा कळेल."

बनाबाई ऐकत होती. तिला डोंगराची शिडी डोळ्यांपुढं दिसत होती. तरीही ती लगेच हो म्हणाली नाही. हे उपास तिला आक्कानं सांगितलेले, आक्काला विचारल्याशिवाय त्यात ढवळाढवळ करायची नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. भोरच्या स्टँडवर, गाड्यांच्या गोंगाटात, एका कानात बोट घालून तिनं आक्काला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, खिडकीतल्या आकड्यापासून ठिपक्यांच्या रेघेपर्यंत. पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही की फोन बंद पडला असं तिला वाटलं.

"घे," शेवटी साळूबाई म्हणाली. "उपासाच्या दिशीबी घे. देवाला सांग, आक्कानं सांगितलंय."

आणि फोन ठेवून दिला.

मग तीन महिने बनाबाईच्या घरात क्रांती झाली. भाकरी गॅसवर भाजायला लागली. धनाजीरावांनी पहिले चार दिवस भाकरीकडं बघून तोंड वाकडं केलं आणि पाचव्या दिवशी विसरले. बिडी ओढायला त्यांना गोठ्याच्याही पलीकडं, बांधावर पाठवलं. थंडीत कुडकुडत तिथं बसण्याचा कंटाळा येऊन त्यांची बिडी निम्म्यावर आली, हा फायदा कुणी धरलाच नव्हता. सुलक्षणा आता "घेतला का" असं विचारत नसे. सकाळ-संध्याकाळ पंप उलटा करून खिडकी बघत असे. पहिल्या गुरुवारी बनाबाईनं पंप पिशवीतून काढला. दत्ताच्या तसबिरीकडं पाठ करून तिनं तो घेतला. पुढच्या गुरुवारी कडेला तोंड करून, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी समोरासमोर. पौषात तिच्या ध्यानात आलं की आपण रात्री उठून बसत नाही. विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन ती एकदा न थांबता घरी आली आणि ओसरीवर कळशी ठेवून आपल्याच पायांकडं बघत राहिली.

माघात पुन्हा भोर. या वेळी पहिल्याच फुंकरीला बनाबाईनं राख घरभर उडवली. रेघ चांगलीच वर गेली होती. ठिपक्यांच्या रेघेपर्यंत मात्र पोचली नव्हती. दोन रेघांच्या मधली मोकळी जागा बनाबाईनं बोटानं दाखवली आणि विचारलं की हे कधी येणार. ते आता यायचं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जे उघडायचं होतं ते उघडलं. रोज औषध घेतलंत तर हे टिकेल, सोडलंत तर यातलंही जाईल.

बनाबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. गिरणीतली वीस वर्षं, चुलीपुढच्या सकाळी, बरं वाटतंय म्हणून औषधाविना काढलेले ते सगळे महिने, त्यांनी काय नेलं ते तिला आज कागदावर दिसत होतं. तेव्हा छातीत एवढी जागा होती हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारायचं ते विचारलं, की एवढ्यावर डोंगर चढता येईल का. डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा तपासलं, खोलीबाहेरच्या जिन्यावर तीनदा वर-खाली करायला लावलं आणि मग म्हणाल्या, "चढा. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढ्याच वेगानं. बोलणं तुटलं की थांबायचं. दम लागला तर ओढायचा, अडीअडचणीचा पंपही जवळ ठेवा."

बोलत बोलत चालायचं म्हटल्यावर बनाबाईला दुसरं काय हवं होतं. एका बुधवारी पहाटेच सासू-सुना निघाल्या. बुधवार अशासाठी की आक्काच्या हातची भाकरी खायची होती. बनाबाईनं पायथ्यापासून बोलायला सुरुवात केली. माहेरची म्हैस, गिरणीचा मालक, सोमनाथच्या जन्माची गडबड, धनाजीरावांनी लग्नात उलटा बांधलेला फेटा, सगळं आलं. बोलणं तुटलं की ती दगडावर बसे आणि सुलक्षणा थोडा वेळ शांततेचा आनंद घेई. दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. शिडीपाशी बनाबाई गप्प झाली. प्रत्येक पायरीवर एक श्वास घेत ती चढली, आणि वरच्या गवतात दोन्ही हात टेकून उभी राहिली तेव्हा सुलक्षणेलाच रडू फुटलं.

साळूबाई दारात, उंबऱ्यावर बसली होती. धाकटीला बघून तिनं नुसते हात पसरले, उठली नाही. बिचारीचे गुडघे, असं म्हणत बनाबाई धावल्यासारखी गेली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघीही रडल्या. पाच वर्षांचं रडणं होतं, ते लगेच आटपणारं नव्हतं.

रडता रडता बनाबाईला शिट्टी ऐकू आली. छातीतली, बारीक, श्वास सोडताना वाजणारी. चढल्यामुळं आपलाच श्वास वाजतोय असं तिला वाटलं. तिनं दम रोखून धरला. शिट्टी चालूच होती.

ती हळूच बाजूला झाली. तिनं आक्काचा गुडघा दोन्ही हातांनी धरून दाबला. मग दुसरा दाबला, चांगला जोर लावून. साळूबाई जराही कळवळली नाही. भिंतीतल्या कोनाड्यात निरगुडीच्या तेलाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. आक्काच्या गुडघ्यांसाठी म्हणून तिच्या मुलाच्या, गेनूच्या, हाती बनाबाईनं पाच वर्षं पाठवलेल्या सगळ्या. एकीचंही बूच निघालेलं नव्हतं.

"कवापास्नं?" बनाबाईनं विचारलं.

साळूबाईनं मान खाली घातली. तिला थांबत थांबत सांगावं लागलं. "गेनू झाला... तवापास्नं. तुझा दम सगळ्यांस्नी ठावं हुता. थोरलीलाबी हाय म्हटल्यावर... लोक म्हनले असते, घरान्यातच हाय. तुला कुनी केली नसती."

"माझं लगीन हुऊन छत्तीस वर्सं झाली, आक्का."

"व्हय. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

सुलक्षणा दारातच उभी होती, तिला आत यावं की बाहेर जावं ते कळेना. बनाबाई मात्र रागानं लाल झाली होती, आणि त्याच रागात तिला एकेक उमगत गेलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, हे सगळे वार आक्कानं आधी स्वतः धरले होते, चुलीपुढं बसून, एका शब्दानं कुणाला न सांगता. त्यांनी जरा बरं वाटल्यासारखं वाटलं तेव्हाच तिनं ते धाकटीला दिले होते. आणि भोरच्या स्टँडवरून फोन आला तेव्हा, धाकटीला औषध घे म्हणताना, तिनं स्वतःसाठी काहीच विचारलं नव्हतं.

"तुझ्या पंपानं... मला येईल का गं काई?" साळूबाईनं आता विचारलं.

"माझा न्हाई द्यायचा. डाक्टरीण तुला फुंकाया लावंल, मग तुझा येगळा दील."

"माझं किती ऱ्हायलं असंल, बने?"

हे बनाबाईला ठाऊक नव्हतं. आक्का तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि औषध एक दिवसाचंही नाही. दोन रेघांमधली ती मोकळी जागा तिला आठवली आणि आक्काची केवढी असेल या विचारानं तिचा राग पार विरघळून गेला. तिनं खाली बसून आक्काच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"थोडंबी असंल," ती म्हणाली. "पर ते तरी आता जाऊ द्यायचं न्हाई. उद्या खाली चल. उतरायला सावकाश उतरू, म्या बोलत ऱ्हाते, तू नुसती ऐक."

"उद्या गुरुवार हाय."

"मग उपास धर की. औषध उपासाला चालतंय. म्या तीन म्हैनं घेऊन बघितलंय, देव काई बोलला न्हाई."

साळूबाई हसली. हसताना तिला खोकला आला, आणि बनाबाई उठून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. खोकला बसल्यावर साळूबाईनं गेनूला हाक मारली आणि माळ्यावरच्या आपल्या वहाणा काढायला सांगितल्या.